बर्फाच्या कप्प्यातल्या चोवीस कांड्या

ता. ३, सोमवार

आज घरात आलं ते असं: लोखंडी यंत्र एक, बंद पडलेल्या तंत्रशाळेच्या भंगारातून, तीनशे चाळीस. हातगाडीचं भाडं बारा. सुटे भाग करून जिन्यावरून वर आणायला हमाल चार, प्रत्येकी पाच. पोलादाच्या कांड्या चोवीस, कातकाम करणाऱ्याकडून कापून व मधोमध खाच पाडून, अठ्ठेचाळीस. लांब दांड्याचा चिमटा सात. स्पिरिटच्या बाटल्या दोन, नऊ. पत्र्याचा डबा झाकणासकट, घरचा, फुकट. त्यातली बिस्किटं मी बरणीत काढली. एकूण चारशे छत्तीस, हमालांचा चहा सोडून.

गेल्या महिन्यापासून ह्यांचा पगार बंद आहे, हे पुन्हा लिहायला नको. तरी लिहिते.

यंत्र बैठकीच्या खोलीत उभं आहे. जिथे पाहुणे बसत तिथे आता लोखंडी खांब आणि त्याला टांगलेला हातोडा. घड्याळाच्या लंबकासारखा, पण पिठाच्या पोत्याएवढा. "शाळेतलं आहे, लहान," हे म्हणाले, "कारखान्यातलं याच्या दुप्पट." मी म्हटलं, "उपकार झाले."

ता. ४, मंगळवार

मी मॅट्रिक आहे, समजावलं तर समजतं. ह्यांनी आज समजावलं, ते इथे उतरवते.

बोटाएवढी कांडी खाली आडवी ठेवायची. हातोडा वर नेऊन सोडायचा. तो खाली येतो, कांडी मोडतो आणि पलीकडे वर चढतो. पलीकडे फार उंच चढला तर कांडी ठिसूळ, कारण तिने त्याला अडवलंच नाही. कमी चढला तर कांडी चिवट, तिने त्याचा जोर खाल्ला. किती खाल्ला तो आकडा तबकडीवर काटा दाखवतो. माझ्या सासूबाई सुना याच पद्धतीने पारखत.

हे सगळं कशासाठी, तर वरच्या डोंगरगावात नवा रोपवे होतोय. त्याचे डबे ज्या खिळ्यांवर लटकणार, ते मनगटाएवढे जाड खिळे ह्यांच्या कारखान्याने केलेत. सव्वीस वर्षं चाचणीच्या खोलीत हेच काम केल्यामुळे प्रमाणपत्रावर सही ह्यांची लागते. ह्यांनी केली नाही. म्हणाले, तुम्ही कांड्या उबदार खोलीत तोडल्यात, तिथे बर्फ पडतो. पोलाद थंडीत वेगळं वागतं, थंड करून तोडा. साहेब म्हणाले, करारात थंडीचा उल्लेख नाही, रजेवर जा. पंचवीस तारखेपर्यंत "माझी शंका निराधार होती" असं लिहून प्रमाणपत्रावर सही केली तर नोकरी परत. नाही तर कायमचं घरी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय.

कांड्या त्याच खेपेच्या उरलेल्या पोलादातून कापल्यात.

मी देवापुढे बसले आणि स्पष्ट बोलले. म्हटलं, देवा, कांड्या चिवट निघू देत. म्हणजे ह्यांचं मन शांत होईल, सही होईल, पगार सुरू होईल. यात कुणाचं वाईट काही नाही.

ता. ५, बुधवार

कांड्या आमच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात, डब्यातल्या स्पिरिटमध्ये बुडवून ठेवल्या आहेत. ह्यांनी गल्लीतल्या शाळेतून तापमापक दोन दिवसांसाठी मागून आणला होता. उणे सोळा भरलं. नवा घ्यायचा तर पंचावन्न म्हणे! मी म्हटलं, "एकदा मोजलं ना? फ्रिज काय रोज मत बदलणार आहे?" ह्यांनी तापमापक परत नेऊन दिला. मुद्दा बरोबर असला की वाद घालत नाहीत.

ता. ६, गुरुवार

आज दुपारी तीन वाजता पहिली चाचणी. चिमट्याने कांडी उचलायची आणि पाच सेकंदांच्या आत हातोडा सोडायचा, नाही तर ती गरम होते. सेकंद मोजायला मला उभं केलं. मी "एक, दोन" म्हणते तोवर टण् झालं आणि कांडीचे दोन तुकडे खोलीच्या दोन कोपऱ्यांत. एक माझ्या कुंडीत.

तीन तोडल्या. आकडे सहा, पाच, सात. चांगल्या पोलादाचे चाळीसच्या वर हवेत म्हणे. मोडलेली जागा सपाट आणि चमकदार, साखरेचे दाणे लावल्यासारखी. ह्यांचा चेहराही चमकत होता. "बघ! बिस्किट आहे बिस्किट!"

म्हणजे सही नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या गाणंवाल्या बाई वर आल्या. "वहिनी, वर काय पाडताय?"

"पोलाद तोडतायत," मी म्हटलं.

"रोज?"

"पंचवीस तारखेपर्यंत."

त्यांनी हातोडा बघितला, ह्यांना बघितलं. "तोडा. पण तीन ते चारच. चारला माझ्या मुली येतात शिकायला. आणि पाडायचाच असेल तर जरा तालात पाडा."

ता. ८, शनिवार

विजेच्या मीटरचा आकडा रोज सकाळी या वहीत लिहायची माझी सवय आहे. पूर्वी फ्रिज मी अर्धा वेळच चालवत असे. कांड्या आल्यापासून तो चोवीस तास, तेही सगळ्यात थंडवर. आकडा बघून डोळे पांढरे झाले.

नीट विचार केला. थंडी काही बटण बंद केल्याबरोबर पळून जात नाही. दार घट्ट बंद असतं. हे जेवून वाचनालयात नोकरीच्या जाहिराती बघायला जातात आणि तीनच्या ठोक्याला येतात. तेवढ्यात थोडा वेळ बंद ठेवला तर कांड्यांना कुठे कळणार आहे?

आज १ वाजता बंद. चाचणीनंतर ४ ला चालू. ह्यांना सांगितलं नाही. पैशाच्या गोष्टी काढल्या की ह्यांना अपमान वाटतो. फ्रिजची घरघर बंद असल्याचं ह्यांना कळत नाही, सव्वीस वर्षं हातोडा ऐकून उजवा कान गेलाय. आतला दिवा तर मी गेल्या वर्षीच काढून ठेवला. दार उघडल्यावर समोर दिसतंच ना सगळं.

आजचे आकडे: अकरा, नऊ, बारा. देवाकडे मी थोडा जास्त वेळ बसले होते, हे नमूद करते.

ता. ११, मंगळवार

फ्रिज १२ ला बंद, ४ ला चालू. आकडे एकोणीस, तेवीस, एकवीस.

हे बुचकळ्यात पडलेत. "त्याच खेपेचं पोलाद, तोच हातोडा. परवा अकरा, आज तेवीस?" यंत्राचे सगळे बोल्ट पुन्हा आवळले. खालून गाणंवाल्या बाईंनी विचारलं, आता काय करताय? मी म्हटलं, स्वर लावतायत.

मी मनातून हरखले आहे. माळ आता दोनदा जपते. जितका जप वाढतो तितका आकडा वाढतो, हे मी स्वतः पडताळलं आहे.

ता. १३, गुरुवार

बबीचं पत्र आलं. पोरगी लग्न करून त्याच डोंगरगावात गेली आहे. वरच्या शाळेत शिकवते, रोज चारशे बारा पायऱ्या चढते, त्यात आता पाचवा महिना. जावई रोपवेच्या कचेरीत कारकून आहेत. लिहिते, "आई, एक तारखेला रोपवे सुरू होणार. मला पहिल्या डब्यात बसवणार आहेत. खिळे बाबांच्या कारखान्याचे आहेत म्हणून मी सगळ्यांना सांगत सुटले आहे. फक्त कसलंसं प्रमाणपत्र यायचंय म्हणे."

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी ते हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि न जेवता वाचनालयात गेले.

लेकीला पायऱ्या चढायला लागू नयेत म्हणून मी जप तिप्पट केला. फ्रिज आज ११ लाच बंद केला.

आकडे चौतीस, एकतीस, छत्तीस. जय हो.

ता. १७, सोमवार

फ्रिज ९ ला बंद, ४ ला चालू. सात तास. खाली थोडं पाणी गळतं, वाडगा ठेवला आहे.

आकडे अठ्ठावन्न, एकसष्ट, साठ!

कांडी धड मोडलीसुद्धा नाही. वाकली आणि अर्धवट फाटली. फाटलेली जागा काळपट, ओल्या लाकडाच्या ढलपीसारखी रेषारेषांची. मी टाळी वाजवली. वाजवायला नको होती. हे खुर्चीवर बसले आणि हाताकडे बघत राहिले.

"माझा हात गेला," म्हणाले. "पहिल्या दिवशी मी चुकलो. कांडी वाकडी ठेवली असणार. सव्वीस वर्षांत एकदा अडून बसलो आणि तेच चूक."

"पण चिवट निघाल्या ना? चांगलंच झालं की!"

"चांगलंच झालं," म्हणाले. असा आवाज मी ह्यांचे वडील गेले तेव्हा ऐकला होता.

ता. १८, मंगळवार

गाणंवाल्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "वहिनी, तुमच्याकडचा सूर बदलला हो. पहिल्या दिवशी कसा टण् वाजला, काच फुटावी तसा. आता नुसतं धप्प. गादी आपटल्यासारखं."

मी म्हटलं, "देवाची कृपा."

"हातोड्यावर?"

मी विषय बदलला.

ता. २१, शुक्रवार

चार दिवस चाचणी नाही. हे म्हणाले आणखी कांड्या वाया घालवण्यात अर्थ नाही, नऊ उरल्यात त्या भंगारात विकू. मी तरी डबा काढला नाही.

माफीचं पत्र लिहिलं. तीनदा खोडून चौथ्यांदा. मला दाखवलं. अक्षर सुंदर आहे. "माझी शंका निराधार होती" या ओळीशी थोडी शाई पसरली आहे.

मला हवं होतं तेच होतंय. पगार येईल, बबी डब्यात बसेल. मग दोन दिवस घास का उतरत नाही? माझ्याने राहवत नाही म्हणून लिहिते: पोलाद देवाने चिवट केलं की नुसत्या माझ्या कांड्या? मी प्रार्थना कांड्यांसाठी केली होती. खिळ्यांचं नाव एकदाही घेतलं नाही. खिळे तर तिकडे आहेत, डोंगरावर.

ता. २२, शनिवार

आज सकाळपासून खिळ्यांसाठी वेगळा जप सुरू केला. पण ते आधीच बनून गेलेत. बनलेल्या वस्तूला जप लागू होतो का, हे कुणाला विचारावं?

ता. २४, सोमवार

आज जे झालं ते सविस्तर लिहिते.

साहेब स्वतः आले, दुपारी अडीचला, एक दिवस आधीच. जिना चढून घामाघूम झालेले. हातोड्याकडे बघून हसले. "काय हो, घरीच कारखाना काढलात? वहिनी, तुम्ही झोपता कुठे?"

"आतल्या खोलीत," मी सांगितलं.

ह्यांनी माफीचं पत्र पुढे केलं. साहेबांनी बॅगेतून प्रमाणपत्र काढून टेबलावर ठेवलं, पेनचं टोपण काढून पेन ह्यांच्या हातात दिलं. "झालं गेलं विसरा. करा सही. वहिनी, जरा पाणी द्याल का? थंडगार, बर्फ घालून."

मला एकदम रडू फुटलं. साहेबांना वाटलं, आनंदाने. मी म्हटलं, "अहो, सही करू नका. माझी चूक आहे. मी रोज प्रार्थना करत होते कांड्या चिवट निघाव्यात म्हणून. आधी एक माळ, मग दोन, मग तीन. आकडे त्याने वाढले. तुमचा हात चुकलेला नाही."

साहेब खो खो हसले. "वहिनी, तुम्हाला आमच्या भट्टीवरच नेमतो!"

हेसुद्धा हसले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "अगं, प्रार्थनेने पोलाद बदलत नाही. साहेबांना पाणी दे."

"पाणी देते," मी डोळे पुसत म्हटलं, "पण बर्फ नाहीये. बर्फ चारनंतर."

"चारनंतर का?" साहेबांनी विचारलं.

बाहेरच्या माणसापुढे आपला संसार कसा चालतो हे सांगायला मला कधीच संकोच वाटलेला नाही. मी सांगितलं, "फ्रिज मी सकाळी नऊला बंद करते आणि चारला सुरू करते. महिन्याचं बिल निम्मं येतं बघा. कांड्यांनाही काही होत नाही, दार घट्ट बंद असतं."

ह्यांनी पेन टेबलावर ठेवलं.

"कधीपासून?" ह्यांनी विचारलं.

"आठ तारखेपासून. आधी तासा-दोन तासांनी सुरुवात केली. सगळं वहीत आहे."

"वहीत आहे?"

"वेळेसकट. मीटर बघते ना मी."

मी ही वही आणली. ह्यांनी माझी वही एका बाजूला आणि स्वतःची चाचणीची वही दुसऱ्या बाजूला ठेवली आणि बोट फिरवत मोठ्याने वाचायला लागले. "सहा तारीख, फ्रिज चालू: सहा, पाच, सात. आठ तारीख, दोन तास बंद: अकरा, नऊ, बारा. अकरा तारीख, तीन तास बंद..." मग एकदम कपाळावर हात मारला. "गार कांडीवर बाहेर काढताच दव धरतं, ते दिसत नव्हतं! मी बघत होतो आणि मला दिसत नव्हतं!"

खुर्चीवरून उठले, बसले, पुन्हा उठले. "साहेब, हे बघा. हिने फ्रिज जसजसा जास्त वेळ बंद ठेवला तसतशी कांडी ऊब धरत गेली आणि चिवट होत गेली. उबेत साठ. थंडीत सहा! आपल्या प्रयोगशाळेत पैसे देऊन कुणी अशी पायरी-पायरीने चाचणी केली नसती. हिने बिल वाचवायला केली!"

मला पूर्ण कळलं नाही, पण बिलाबद्दल ह्यांनी माझं कौतुक करायची लग्नापासून ही पहिलीच वेळ. मी म्हटलं, "मी सांगतच होते."

साहेब हसत नव्हते. "मग? सही?"

ह्यांनी माफीचं पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि माझ्या हातात दिलं. "मागची बाजू कोरी आहे. हिशेबाला होईल." प्रमाणपत्र साहेबांच्या बॅगेवर ठेवलं. "उद्या तीनला या. कांडी तुमच्यासमोर तोडतो."

"उद्या दुसरा माणूस सही करील," साहेब म्हणाले आणि पाणी न पिता गेले. पेन इथेच विसरले. परत पाठवायला हवं. टपालाचा खर्च त्यांनी द्यावा असं मला वाटतं.

फ्रिज लगेच चालू केला. बटणावर ह्यांनी चिकटपट्टी लावली आहे. माझ्यावर विश्वास नाही, असं नाही म्हणाले. पण पट्टी लावली.

ता. २५, मंगळवार

साहेब आले नाहीत. साक्षीदार म्हणून गाणंवाल्या बाई आल्या. ह्यांनी आज पंचावन्नचा तापमापक आणला, मी पैसे काढून दिले. उणे सोळा.

तीन कांड्या. टण्. टण्. टण्. आकडे सहा, सात, पाच. बाई डोळे मिटून म्हणाल्या, "हाच. हाच पहिल्या दिवशीचा सूर." तेवढंच त्यांनी कागदावर लिहून सही केली.

सगळ्या तुकड्यांकडे बघताना मला एकदम बबीचा पहिला डबा दिसला.

ह्यांनी रोपवेच्या मुख्य अधिकाऱ्याला पत्र लिहिलं. सोबत दोन्ही वह्यांतले आकडे शेजारी शेजारी, माझ्या वहीतले तास माझ्याच अक्षरात उतरवून. वर ह्यांनी लिहिलं, "तासांची नोंद: माझी पत्नी." मी म्हटलं, मॅट्रिक असंही लिहा. लिहिलं.

मग मी तारघरात गेले. तारेला शब्दागणिक पैसे पडतात. आजवर मी चार शब्दांच्या वर तार केलेली नाही. आज केली: "बबी तू अजिबात डब्यात बसू नकोस पायऱ्यांनी सावकाश जा दम लागला तर बस बाबांचे बरोबर होते पत्र येत आहे आई." शब्द मी मोजले नाहीत. तारमास्तरांनी मोजले.

देवाला एवढंच सांगितलं, की यापुढे धातूच्या कामात मी ढवळाढवळ करणार नाही. माणसांचं तेवढं बघ.

ता. २६, बुधवार

ह्यांच्या नोकरीचं पत्र आलं. कायमचं घरी. ह्यांनी वाचून हिशेबाच्या कागदांत ठेवलं आणि यंत्राला तेल घातलं. कातकामवाल्याने विचारलंय, त्याच्या मालाचीही अशी चाचणी करून द्याल का, पैसे देईन. बघू.

बबीला पाठवलेल्या पत्राची नक्कल नेहमीप्रमाणे इथे:

"चि. बबीस अनेक आशीर्वाद. तार मिळाली असेल. घाबरू नकोस. सोबतच्या पार्सलात सहा कांड्या आहेत, आणि बाबांचं मुख्य अधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र. जावयांना सांग, पत्र टेबलावर ठेवून परत येऊ नये, हातात द्यावं आणि वाचेपर्यंत तिथेच उभं राहावं. साहेबांचं प्रमाणपत्र दुसऱ्या कुणाच्या सहीने येईल, तर जावयांनी विचारावं, कांड्या थंडीत तोडल्या का? न तोडल्या असतील तर या सहा एक रात्र बाहेर बर्फात ठेवा आणि जिथे हातोडा असेल तिथे सगळ्यांसमोर तोडा. आवाज टण् असा आला तर खिळे परत पाठवा. तुमच्याकडे बर्फ फुकट आहे, ते एक बरं आहे.

बाबा घरी आहेत, जेवतात, रागावतात, म्हणजे ठीक आहेत. फ्रिज दिवसभर चालू असतो. मीटर मी बघायचं सोडलं आहे; म्हणजे बघते, पण लिहीत नाही.

चारशे बारा पायऱ्या आहेत, हे मला ठाऊक आहे. दर पन्नास पायऱ्यांवर बस. पाटी-पुस्तकं दुसऱ्याकडे दे. लोक हसले तर हसू देत. खिळे तपासून होत नाहीत तोवर तू त्या डब्यात पाऊल ठेवणार नाहीस, एवढी एकच ओळ मला लिहून हवी आहे. पाकीट नको, साधं कार्ड पुरे. पण उलट टपाली पाठव.

तुझी आई."